परिचारिका कशी घडते?

तुमच्या घरातले कोणी कधी रुग्णालयात दाखल झाले असेल, तर एक हिशेब करून पाहा. डॉक्टर सकाळी येतात, खाटेला लावलेला तक्ता पाहतात, पोट दाबून पाहतात, दोनचार प्रश्न विचारतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. संध्याकाळी आणखी एक फेरी होते. दोन्ही फेऱ्या मिळून एका रुग्णाच्या वाट्याला फार तर अर्धा तास येतो. दिवस तर चोवीस तासांचा. मग उरलेले साडेतेवीस तास त्या रुग्णाकडे कोण पाहते?

उत्तर तुम्हांला ठाऊकच आहे. परिचारिका, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या ‘सिस्टर’. आणि पुरुष असेल तर ‘ब्रदर’. पण ‘पाहते’ म्हणजे नेमके काय करते? ताप मोजते, इंजेक्शन देते, सलाईन लावते, चादर बदलते. एवढ्यासाठी विद्यापीठाची चार वर्षांची पदवी कशाला हवी? हे काम अनुभवाने कोणीही शिकेल, असे पुष्कळांना वाटते. तुमच्यापैकी एखाद्या मुलीने किंवा मुलाने घरी ‘मी बी.एस्सी. नर्सिंग करणार’ असे सांगितले, तर बहुधा हाच प्रश्न पुढे येईल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका रात्रपाळीला जाऊ.

रात्रीचे बारा

समजा, एक सरकारी रुग्णालय आहे. शस्त्रक्रिया झालेल्या पुरुष रुग्णांचा विभाग. सहाव्या खाटेवर साठीतले एक काका आहेत. वजन ६० किलो. दुपारी त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. मुलगा पायथ्याशी बसून आहे. परिचारिका दर तासाला येऊन मोजमापे घेते आणि तक्त्यावर लिहिते. तिचा तक्ता असा आहे :

रात्री १० वाजता : नाडी ८४, रक्तदाब १२६/८०, श्वास मिनिटाला १६.

रात्री ११ वाजता : नाडी ९८, रक्तदाब १२४/८४, श्वास मिनिटाला २०.

रात्री १२ वाजता : नाडी ११२, रक्तदाब ११८/८८, श्वास मिनिटाला २४. गेल्या तासात लघवी २० मि.लि.

मुलगा हळूच म्हणतो, “सिस्टर, बाबांना आत्ताच जरा डोळा लागलाय. मघाशी उगाच घाबरल्यासारखं करत होते, पाणी मागत होते. झोपू द्या ना त्यांना. बीपी तर चांगलं आहे म्हणालात.”

आता पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा. तक्ता पुन्हा पाहा आणि मनाशी ठरवा : त्या परिचारिकेच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? रक्तदाब ११८/८८. हा आकडा एखाद्या धडधाकट माणसाचाही असू शकतो. काकांना झोपू द्यावे आणि एक वाजता पुन्हा पाहावे, की मध्यरात्री डॉक्टरांना उठवावे?

आकड्यांच्या मागचे शरीर

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. आतल्या आत कोठे रक्तस्राव होऊ लागला, तर बाहेर काहीच दिसत नाही. पण शरीराला ते लगेच कळते. मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या आणि महारोहिणीच्या कमानीच्या भिंतींमध्ये मज्जातंतूंची अशी टोके असतात, की भिंतीवरचा ताण जरा कमी झाला तरी ती मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला खबर देतात. तेथून हुकूम सुटतात. हृदयाची गती वाढते. त्वचेतल्या आणि आतड्यांतल्या बारीक रोहिण्या आकुंचन पावतात. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू लागतात. हे सगळे कशासाठी? मेंदू आणि हृदय यांना पुरेल इतका रक्तदाब टिकवण्यासाठी.

म्हणजे रक्तदाब चांगला दिसतो, कारण शरीर त्यासाठी आपली सगळी गंगाजळी खर्च करत असते. एकूण रक्ताच्या १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ७५० मि.लि. रक्त गेले, तरी मोजमापांत फारसा फरक पडत नाही. १५ ते ३० टक्के गेले, की नाडी शंभराच्या वर जाते, श्वास वाढतो, माणूस अस्वस्थ होतो, पण रक्तदाबाचा वरचा आकडा बहुधा अजून टिकून असतो. ३० टक्क्यांपलीकडे, म्हणजे जवळजवळ दीड लिटर रक्त गेल्यावर मात्र तो कोसळतो. तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो.

आता काकांचा तक्ता परत वाचा. नाडी तासागणिक १४ ने वाढली आहे. श्वास १६ वरून २४ झाला आहे. ऊतींना प्राणवायू कमी पडला, की त्यांत लॅक्टिक आम्ल साचते आणि शरीर श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून रक्तातली आम्लता आटोक्यात ठेवू पाहते. रक्तदाबाच्या दोन आकड्यांतला फरक पाहा : आधी ४६, मग ४०, आता ३०. खालचा आकडा चढत चालला आहे, कारण बारीक रोहिण्या आकुंचन पावल्या आहेत. लघवीचे प्रमाण किलोमागे ताशी निदान अर्धा मि.लि. हवे. ६० किलोच्या माणसाला ३० मि.लि., झाली आहे २०. तहान आणि घाबरेपणा हीसुद्धा त्याच गोष्टीची लक्षणे आहेत. ‘उगाच’ काहीच नव्हते.

एकेक आकडा वेगळा पाहिला, तर फार घाबरण्यासारखे काही नाही. सगळे आकडे एकत्र आणि ओळीने पाहिले, तर ते एकच गोष्ट सांगतात : हा माणूस आत कोठेतरी रक्त गमावत असावा. परिचारिका काकांच्या हाताला हात लावून पाहते. तळवा गार आणि ओलसर आहे. ती डॉक्टरांना फोन करते.

फोनवर काय बोलावे?

हा फोन दोन तऱ्हांनी करता येतो. एक तऱ्हा अशी : “सर, सहा नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये.” दिवसभराचे काम करून नुकतेच आडवे झालेले डॉक्टर यावर म्हणतील, “बरं, सकाळी पाहतो.”

दुसरी तऱ्हा अशी : “सर, पुरुष शल्यविभागातून सिस्टर बोलतेय. सहा नंबरच्या खाटेवरचे रुग्ण, वय साठ, दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे. दोन तासांत नाडी ८४ वरून ११२ झाली, श्वास १६ चा २४ झाला, गेल्या तासात लघवी फक्त २० मि.लि. आहे, हातपाय गार आहेत. रक्तदाब अजून ११८/८८ आहे, पण आतून रक्तस्राव होत असावा असं मला वाटतं. तुम्ही लगेच येऊन पाहावं. मी रक्तपेढीला कळवायची तयारी ठेवते.”

या दुसऱ्या बोलण्यात चार भाग आहेत : आत्ता काय घडते आहे, त्याआधी काय झाले होते, मला काय वाटते आणि काय करायला हवे. परिचर्येच्या विद्यार्थ्यांकडून अशा बोलण्याचा सराव करवून घेतात. असा फोन आल्यावर कोणताही डॉक्टर कूस बदलून झोपणार नाही.

ब्रिटनमध्ये २०१२ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने नाडी, श्वास, तापमान, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू आणि शुद्ध या सर्वांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची एक पद्धत देशभर लागू करण्यासाठी प्रसिद्ध केली. बेरीज वाढली, की तातडीने मदत मागवायची. त्या रात्री आपल्या परिचारिकेने मनात केले, तेच हे कागदावरचे रूप.

चार वर्षे, आठ सत्रे

आता पदवीच्या अभ्यासक्रमाकडे वळू. तक्ता वाचायला त्या परिचारिकेला काय काय यावे लागले? रोहिण्या कोठून जातात, हे शरीररचनाशास्त्र. दाब कमी झाल्यावर हृदय का धावते, हे शरीरक्रियाशास्त्र. लॅक्टिक आम्ल कोठून येते, हे जीवरसायनशास्त्र. रुग्ण घाबरल्यावर त्याच्याशी आणि त्याच्या मुलाशी कसे बोलावे, हे मानसशास्त्र. हे सारे विषय पदवीच्या पहिल्याच वर्षात असतात, आणि त्यांबरोबर समाजशास्त्र, आहारशास्त्र, संभाषणासाठी इंग्रजी आणि परिचर्येची मूलतत्त्वे.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या सुधारित अभ्यासक्रमानुसार ही चार वर्षे आठ सत्रांत विभागली आहेत. दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्गनियंत्रण, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र आणि प्रौढ रुग्णांची परिचर्या येते. तिसऱ्या वर्षी बालकांची परिचर्या, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य हे विषय आणि प्रसूतिशास्त्राची सुरुवात होते. चौथ्या वर्षी संशोधन आणि संख्याशास्त्रही शिकावे लागते. शेवटचे सत्र पूर्णपणे प्रत्यक्ष कामाचे : आठवड्याला ४८ तास याप्रमाणे २२ आठवडे.

पण प्रत्यक्ष काम काही शेवटीच सुरू होते असे नाही. पहिल्या वर्षापासून विद्यार्थी आधी प्रयोगशाळेत पुतळ्यावर आणि मग देखरेखीखाली रुग्णालयात काम करतो. रबरी हातावर सुई टोचताना चुकले, तर पुतळा ओरडत नाही. माणूस ओरडतो. म्हणून चुका पुतळ्यावर करून संपवायच्या.

थेंबांचे गणित

‘मला गणित आवडत नाही, म्हणून मी जीवशास्त्र घेतले’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण.

डॉक्टरांनी लिहिले : ५०० मि.लि. सलाईन ४ तासांत द्यावे. पंप नाही. नळीच्या वरच्या टोकाला एक पारदर्शक कुपी असते. तिच्यात थेंब पडताना दिसतात. या नळीतून २० थेंब पडले, की १ मि.लि. होतो. तर मिनिटाला किती थेंब पडू द्यावेत?

५०० मि.लि. म्हणजे १०,००० थेंब. ४ तास म्हणजे २४० मिनिटे. भागाकार केला, तर उत्तर सुमारे ४२ येते. परिचारिका घड्याळ समोर धरून, चकती फिरवून, मिनिटाला ४२ थेंब पडतील असे करते.

लहान मुलांसाठी वेगळी नळी वापरतात. तिच्यातून १ मि.लि. मध्ये ६० थेंब पडतात. तिची गंमत पाहा : ताशी जितके मि.लि. द्यायचे, तितकेच मिनिटाला थेंब. ताशी ३० मि.लि. द्यायचे, तर मिनिटाला ३० थेंब. असे का, ते तुम्हीच सोडवून पाहा.

आता जरा अवघड. १२ किलो वजनाच्या मुलाला एक तापाचे औषध किलोमागे १५ मि.ग्रॅ. द्यायचे आहे. म्हणजे १८० मि.ग्रॅ. कपाटात त्याच औषधाच्या दोन बाटल्या आहेत. एकीत ५ मि.लि. मध्ये १२५ मि.ग्रॅ. औषध आहे, दुसरीत ५ मि.लि. मध्ये २५० मि.ग्रॅ. पहिलीतले ७.२ मि.लि. द्यावे लागेल, दुसरीतले ३.६ मि.लि. नाव तेच, रंग तोच, चवही तीच. हिशेब पहिल्या बाटलीचा केला आणि हातात दुसरी आली, तर मुलाच्या पोटात दुप्पट औषध गेले! म्हणून परिचर्येच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून सवय लावतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. प्रत्येक वेळी पाचही गोष्टी तपासायच्या, शंभराव्या वेळीसुद्धा. (हे उदाहरण केवळ गणितासाठी आहे. घरी कोणाला औषध देताना डॉक्टरांनाच विचारावे.)

नखावरचा प्रयोग

या परिचर्येतले आणखी एक शास्त्र तुम्ही आत्ता, बसल्या जागी पाहू शकता. अंगठ्याचे नख दुसऱ्या हाताने पाच सेकंद घट्ट दाबून धरा आणि सोडा. नख पांढरे पडलेले दिसेल आणि साधारणपणे दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होईल. दाबामुळे केशवाहिन्यांतले रक्त निघून गेले होते, ते परत आले. काकांसारख्या रुग्णाचे नख गुलाबी व्हायला अधिक वेळ लागतो. कारण तुम्हांला आता सांगता येईल.

केशवाहिन्यांतला दाब फार थोडा असतो, सुमारे ३० मि.मी. पारा. एखादा लुळा पडलेला रुग्ण तासन्तास पाठीवर पडून राहिला, तर त्याच्या माकडहाडाखालच्या आणि टाचांखालच्या केशवाहिन्या अंगाच्याच भाराने बंद होतात. तुमचे नख पाच सेकंद पांढरे होते. त्याची कातडी काही तास तशी राहते. मग ती मरते, जखम होते, ती हाडापर्यंत जाऊ शकते आणि तीतून झालेला संसर्ग जिवावर बेततो. उपाय काय? ठरावीक वेळाने, बहुधा दर दोन तासांनी, कूस बदलणे. महागडे औषध नाही, यंत्र नाही. पण रात्री दोन वाजता, चार वाजता आणि सहा वाजता कोणीतरी उठून ते करायला हवे. अंगात शेकडो कामे असताना हे काम का टाळायचे नाही, हे ज्याला केशवाहिन्यांचे शास्त्र कळले आहे, त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दिवा आणि वही

परिचर्येला शास्त्राचे रूप कोणी दिले, असे विचारले तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव तुम्ही सांगाल. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी त्या ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात गेल्या. हातात दिवा घेऊन रात्री फिरणारे त्यांचे चित्र तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिले असेल. पण त्यांच्या दुसऱ्या हातात वही होती, ते चित्रात दिसत नाही.

१८५५ च्या फेब्रुवारीत तेथे दाखल झालेल्यांपैकी शेकडा ४२ सैनिक दगावत होते. त्यांतले बहुतेक जखमांनी नव्हे, तर हगवण आणि विषमज्वर यांसारख्या रोगांनी. मार्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या आरोग्य आयोगाने तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. नाइटिंगेल यांनी ही आकडेवारी जमवली, मांडली आणि १८५८ मध्ये वर्तुळाकार आलेख काढून सरकारच्या डोळ्यांसमोर धरली. सैनिकांना शत्रू मारत नव्हता, घाण मारत होती, हे त्या आलेखाने एका नजरेत दाखवले. १८६० मध्ये त्यांच्या नावाच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. संख्याशास्त्र हा विषय परिचर्येच्या पदवीला का असतो, याचे उत्तर त्या वहीत आहे.

पुढे हे शिक्षण रुग्णालयातून विद्यापीठात आले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९०९ मध्ये परिचारिकांची शाळा काढली. आपल्या देशात पदवीचा अभ्यासक्रम १९४६ मध्ये दोन ठिकाणी सुरू झाला : दिल्लीत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. दिल्लीच्या महाविद्यालयाला आज स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव आहे. मुंबईत १९६४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू झाले. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातली बहुतेक परिचर्या महाविद्यालये त्याला जोडली गेली.

पदवीने जीव वाचतात का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परिचारिका पदवीधर असल्याने रुग्णाला खरोखर काही फरक पडतो का? ही मताची गोष्ट नाही, मोजून पाहण्याची आहे. आणि ती मोजली गेली आहे.

अमेरिकेतील संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांतील २,३२,३४२ शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली. त्यांचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी अधिक होते, तेथे शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळली. याचा अर्थ शंभर रुग्णांतले पाच वाचले असा नव्हे. जेथे शंभर मृत्यू झाले असते, तेथे सुमारे पंचाण्णव झाले, असा आहे. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांत आणि ४,२२,७३० रुग्णांत असाच अभ्यास झाला. तेथे हा फरक ७ टक्के आढळला. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : एका परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला, की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

शास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे एक शंका काढलीच पाहिजे. पदवीधर परिचारिका नेमणारी रुग्णालये मुळातच श्रीमंत आणि सुसज्ज असतील, आणि रुग्ण त्यामुळे वाचत असतील, तर? संशोधकांनी रुग्णांचे वय, आजार, रुग्णालयाचा आकार, तेथील साधने या गोष्टींचा हिशेब करून तो परिणाम शक्य तितका वगळला. तरीही असा अभ्यास दोन गोष्टी बरोबर चालतात एवढेच दाखवतो. एकीमुळेच दुसरी घडते, हे तो पुरते सिद्ध करत नाही. पण दोन खंडांत, लाखो रुग्णांत एकाच दिशेचे उत्तर मिळाले, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. आणि काकांच्या तक्त्यावरून त्याचे कारणही आपल्याला तर्काने दिसते.

याचा अर्थ पदविका घेतलेल्या परिचारिका कमी प्रतीच्या, असा मुळीच काढू नका. आपल्या देशातल्या रुग्णालयांचा फार मोठा भार त्यांनीच वाहिला आहे, आणि वीस वर्षे विभागात काढलेल्या सिस्टरांची नजर नव्या पदवीधराला गुरुस्थानी असते. तीन वर्षांची जी.एन.एम. पदविका घेतलेल्यांना पुढे दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून पदवी मिळवता येते.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, शास्त्रविषयांत मिळून निदान ४५ टक्के गुण हवेत (राखीव प्रवर्गांना सवलत आहे), आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवे. महाराष्ट्रात प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा असते. मुले आणि मुली दोघांनाही ही वाट मोकळी आहे. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. निवडलेले महाविद्यालय परिचर्या परिषदेच्या मान्यतेचे आणि विद्यापीठाशी जोडलेले आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी तपासा. मान्यता नसेल, तर पदवीनंतर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. पुढे दोन वर्षांची एम.एस्सी. आणि पीएच.डी.ही करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाखांची उणीव होती.

कष्ट लपवण्यात अर्थ नाही. रात्रपाळ्या असतात, सणासुदीलाही कामावर जावे लागते. रक्त, पू, मलमूत्र यांची किळस सोडावी लागते. टोचलेली सुई चुकून स्वतःला लागू शकते, म्हणून कावीळ ‘ब’ची लस आधी घ्यावी लागते. एका परिचारिकेवर जास्त रुग्णांचा भार पुष्कळदा पडतो, आणि त्याचा परिणाम काय होतो तो आकडा तुम्ही वर वाचलाच आहे. एवढे करूनही रुग्ण नेहमी वाचतोच असे नाही. त्या वेळी नातेवाइकांसमोर उभे राहणे, हेही शिकावे लागते.

घरी आणि वर्गात करून पाहा

आठवडाभर रोज सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच स्वतःची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा आणि आलेखकागदावर टिंब द्या. मग घरातल्या कोणाचा तरी श्वास मोजा. पण एक युक्ती लक्षात ठेवा : ‘मी तुमचा श्वास मोजतो’ असे सांगू नका. सांगितले, की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून परिचारिका नाडी मोजून झाल्यावरही मनगट तसेच धरून ठेवते आणि गुपचूप छातीकडे पाहत श्वास मोजते. शिक्षकांनी वर्गातले सर्व आकडे फळ्यावर लिहून सरासरी काढावी, आणि दहा उठाबशा काढल्यावर नाडी किती वाढते व किती मिनिटांत पूर्ववत होते, तेही पाहावे. सात दिवसांच्या तुमच्या आलेखात एखाद्या दिवशी टिंब वर गेलेले दिसले, तर स्वतःला विचारा : त्या दिवशी काय झाले होते? ताप होता? झोप झाली नव्हती? परीक्षा होती?

हा प्रश्न विचारलात, म्हणजे सहाव्या खाटेपाशी उभ्या असलेल्या त्या परिचारिकेचे काम तुम्ही थोडेसे करून पाहिलेत. तिने फोन केल्यावर डॉक्टर दहा मिनिटांत आले, असे आपण समजू. रक्त चढवले गेले, काकांना पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेले, आतली सुटलेली वाहिनी बांधली. सकाळी फेरीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी तक्ता पाहिला. बारा वाजताच्या ओळीवर त्यांचे बोट क्षणभर थांबले. ती ओळ लिहिणारी तोवर आपली पाळी संपवून घरी झोपायला गेली होती.